शेडबाळे सर हात उचलत नाहीत

“हात अजून मागं घे. माशी हाकलतेयस का?”

मी हात मागं घेतला. समोर म्हाळू कोळेकर डोळे मिटून, गाल जरा पुढं काढून उभा होता, न्हाव्यापुढं बसल्यासारखा. सगळा वर्ग श्वास रोखून बघत होता. मी मारली. आवाज खणखणीत आला आणि मागच्या बाकावर कुणीतरी खुसकन हसलं.

“गुड,” सर म्हणाले. “नेक्स्ट.”

मी पुढच्या मुलाकडं सरकले. एका क्रियापदाची तीन रूपं मला आली होती, बाकीच्या सगळ्यांना आली नव्हती, तेव्हा त्या सगळ्यांच्या थोबाडीत मारायचं काम माझं होतं. सर टेबलाला टेकून, हाताची घडी घालून बघत होते. हे सर म्हणजे माझे वडील, नेमगोंडा शेडबाळे. घरात अण्णा. वर्गात मात्र त्यांना अण्णा म्हणायचं नाही, हा खास माझ्यासाठी केलेला नियम.

नियमांचं तर विचारूच नका. नववीच्या पहिल्या दिवशी सरांनी फळाभर नियम लिहिले, त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. आम्ही ते उतरवून घेतले आणि घरून सह्या आणल्या. घंटेपासून घंटेपर्यंत मराठीचा एक शब्द तोंडातून निघता कामा नये. कालचा धडा आज पाठ पाहिजे. ज्यांना येत नाही त्यांनी मागच्या बाकांवर बसायचं. आणि शेवटचा नियम असा की, ज्याला उत्तर येईल त्यानं न आलेल्या प्रत्येकाच्या थोबाडीत मारायची, उजव्या हातानं, पूर्ण जोर लावून. कुणी हळू मारली तर ज्याला मारली त्यानं ती मारणाऱ्यालाच परत करायची, सरांचं समाधान होईपर्यंत. निम्म्या पालकांना हे इंग्रजी वाचता आलं नाही. ज्यांना आलं त्यांनी जास्त आनंदानं सही केली.

सर स्वतः मात्र कुणाला बोटसुद्धा लावत नसत. सगळ्या गावात हीच ख्याती होती. “शेडबाळे सर? हात उचलत न्हाईत पोरावर. देवमाणूस!” असं पानपट्टीवरचा माणूससुद्धा सांगायचा. त्यामागं एक कारण होतं. पूर्वी अण्णा हातात येईल त्यानं मारायचे. पट्टी, डस्टर, एकदा तर खुर्चीचा निखळलेला पाय. त्यात आठवीतल्या एका मुलाचं मनगट मोडलं. त्याच वर्षी आमच्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, एका मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. भरल्या सभेत अण्णा उठून उभे राहिले, हात जोडले, डोळ्यांतून पाणी काढलं आणि व्रत घेतलं की, आजपासून मरेपर्यंत कुठल्याही जिवावर मी हात उचलणार नाही.

ते व्रत त्यांनी पाळलं. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या तर अण्णा तासभर बसून मऊ फडक्यानं एकेक मुंगी अंगणात नेऊन सोडायचे. पाणी गाळलं की गाळण्यातले जीव परत विहिरीत सोडल्याशिवाय ते आईला दुसऱ्या कामाला हात लावू द्यायचे नाहीत. पण व्रताच्या पहिल्याच वर्षी शाळेचा इंग्रजीचा निकाल घसरला. दुसऱ्या वर्षी त्यांना ही युक्ती सापडली. साप मरावा पण काठी मोडू नये, म्हणतात ना. आमच्या घरात साप मारणंसुद्धा पाप, पण काठी एकदम शाबूत राहिली.

निकाल तालुक्यात पहिला यायला लागला, हेही सांगायला हवं. आणि वर्गाचा कत्तलखाना झाला. ज्यांची डबा खाण्यावरून भांडणं व्हायची ती पोरं एकमेकांना मारायला म्हणून धडे पाठ करायला लागली. एका मुलीचा ओठ फुटला तर तिनं पुढच्या आठवड्यात पहाटे उठून अख्खी कविता घोकली आणि तो ओठ ज्यानं फोडला होता त्याचं नाक फोडलं. अजित शिरगुप्पे नावाचा एक होता, खताच्या दुकानदाराचा मुलगा. तो मारण्याआधी तळहात चड्डीवर घासायचा, म्हणे घामानं हात निसटतो. माझाही हात चांगला बसायचा. बापाकडून आला असणार.

म्हाळूला रोज बसायची. तो एक वर्ष नापास होऊन आमच्यात आलेला, धनगरवाड्यावरचा, तालमीत जाणारा, खांद्यानं दार अडेल एवढा थोराड. मार खाताना तो कधी हललाही नाही. त्यामुळं मारणाऱ्याला आणखी चेव यायचा.

एकदा मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी तो मला एकटाच दिसला. डाव्या कानात कापसाचा बोळा होता आणि बोळा पिवळा झाला होता.

“कापूस कशाला रे?” मी विचारलं.

तो माझ्याकडं बघत नुसता उभा राहिला. मी पुन्हा, मोठ्यानं विचारलं.

“वाहतोय कान,” तो म्हणाला. “मिरजंच्या डाक्टरनं बॅटरी लावून बगितलं. पडद्याला भोक पडलंय म्हनला. आनि एक जोराची बसली तर ह्यो कान गेला म्हनून समज, आसं म्हनला.”

“कशानं पडलं भोक?”

“आता तूच सांग कशानं.” तो हसला. “समदी उजव्या हातानं मारत्यात. उजव्या हाताची डाव्या गालावरच बसती की.”

त्यानं नळाखाली ओंजळ धरली, पाणी प्यायला, तोंड पुसलं.

“मला मिल्ट्रीत जायाचं हाय, त्रिशले. दुसरं काय येतंय मला? आमचा दादा भरतीला गेलता तवा मी संगं गेलतो. कानापाशी घड्याळ धरत्यात. ऐकू आलं न्हाई की भाईर. पळण्यात मला कोन हटवनार न्हाई बग, पर कानाला काय करू?”

“मग अभ्यास कर की गाढवा! उत्तर दिलंस तर कोण मारेल?”

“सर इचारत्यात त्येच नीट ऐकू येत न्हाई. मागच्या बाकावर भिंतीकडनं बसतो, ह्यो कान त्येंच्याकडं. पुढं बसू का म्हनून इचारलं, तर म्हनलं, नापासांनी मागंच बसायचं. नियम हाय.”

येत नाही म्हणून मागं, मागं म्हणून ऐकू येत नाही, ऐकू येत नाही म्हणून थोबाडीत, थोबाडीत बसते म्हणून आणखी ऐकू येत नाही. मला तिथंच अण्णांचा राग आला, पहिल्यांदा, पोटातून.

“एक काम कर,” म्हाळू म्हणाला. “तू डाव्या हातानं मार. म्हंजी उजव्या गालावर बसंल. त्यो कान धड हाय.”

“आणि तोही गेला तर?”

“मंग तुज्या बाचं इंग्रजी ऐकावं लागनार न्हाई, तेवडंच बरं.”

दुसऱ्या दिवशी मी डाव्या हातानं मारली. सर फळा पुसत होते, त्यांच्या लक्षात आलं नाही. पण मी मारून भागणार नव्हतं. दुसऱ्या कुणाला उत्तर आलं तर तो उजव्याच हातानं मारणार, आणि शिरगुप्पे तर टपलेलाच. म्हणजे रोज उत्तर सगळ्यांत आधी मला यायला हवं होतं. मी चुलीपाशी, न्हाणीत, बस्तीच्या पायऱ्यांवर क्रियापदं घोकायला लागले. “पोरगी इंग्रजीत अण्णांच्या वर जाणार,” आई कौतुकानं म्हणायची. मी कशाला घोकतेय ते तिला काय सांगणार!

शेवटी मी अण्णांनाच सांगायचं ठरवलं. आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. ताटावर बसल्या बसल्या मी म्हाळूच्या कानाचं, डॉक्टरचं, भरतीचं सगळं सांगितलं.

अण्णांनी घास खाली ठेवला. “त्यानं तुला सांगितलं. मला का नाही सांगितलं?”

“तासाला मराठी बोलायचं नाही. आणि इंग्रजीत ‘कान वाहतो’ हे त्याला येत नाही.”

आई हसली. अण्णा नाही हसले.

“त्रिशला, एकाला सूट दिली की उद्या सगळ्यांचे कान वाहायला लागतील. त्यानं उत्तर द्यावं, विषय संपला. उत्तर देणाऱ्याला कोण मारतंय?”

“पण अण्णा, बहिरा होईल तो.”

“मी कुणाला हात लावतो का?” ते शांतपणे म्हणाले. “सांग ना. इतक्या वर्षांत कुणाला बोट लावलंय मी?”

आई वाढता वाढता थांबली. तिनं अण्णांकडं पाहिलं. पुन्हा वरणाची पळी बुडवली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच ते घडलं. सरांनी मागच्या बाकापासून प्रश्न सुरू केला. एकेक जण उभा राहत गेला. शिरगुप्पेचा नंबर माझ्याआधी होता, त्यालाही आलं नाही. मला आलं. मी उठले आणि ओळीनं मारत निघाले. म्हाळूपाशी आले. त्यानं उजवा गाल पुढं केला, मी डावा हात उचलला.

“स्टॉप.”

सर जागचे हलले नव्हते, पण बघत होते. ते इंग्रजीत म्हणाले की, गेले काही दिवस मी हे पाहतोय. उजव्या हातानं मार.

मी हात खाली घेतला. मान हलवली.

“राइट हँड, त्रिशला.”

“नो सर.”

वर्गात चुळबुळ झाली. सर म्हाळूकडं वळले आणि त्याला मला मारायला सांगितलं. नियमच होता तो. म्हाळूनं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि जमिनीकडं बघत राहिला. सरांनी पुन्हा सांगितलं, त्याच्या ऐकू येणाऱ्या बाजूला जाऊन सांगितलं. तो तसाच.

“शिरगुप्पे,” सर म्हणाले. “कम हिअर. बोथ ऑफ देम.”

शिरगुप्पे आला. त्यानं तळहात चड्डीवर घासला. आधी म्हाळूसमोर उभा राहिला आणि हात असा मागं नेला की त्याचा खांदा वळला. मी मध्ये घुसले. ती माझ्या मानेवर आणि कानशिलावर बसली, डोळ्यांपुढं अंधारी आली. मग माझं डोकं फिरलं. मी दोन्ही हातांनी त्याला ढकललं. तो बाकावर उलटा पडला, तोंड बाकाच्या कडेवर आपटलं आणि तो तोंड धरून ओरडायला लागला. बोटांतून रक्त गळत होतं. मुली किंचाळल्या. आणि त्या गोंधळात सर टेबलाशी उभे होते. हाताची घडी तशीच.

ती घडी बघून माझं उरलंसुरलं भान गेलं.

“अण्णा, तुम्ही मारा!” मी ओरडले.

“नो मराठी,” ते म्हणाले.

“तुम्ही मारा ना! रविवारी बस्तीतल्या पाठशाळेत तुम्हीच शिकवता की आम्हाला. कृत, कारित, अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं, केलेल्याला बरं म्हणणं. तिन्हीचं पाप सारखं, असं तुम्हीच पाठ करून घेतलंत. मग आमच्या हातानं कशाला मारता? दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून देवमाणूस होता येत नाही. मुंग्या वेचता आणि पोरांचे कान फोडता! तुमच्या हातानं मारा. आमचे हात तरी सुटतील.”

अण्णांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. हाताची घडी सुटली. ते बाकांच्या मधून चालत माझ्याकडं आले, आणि मला अजूनही वाटतं की तिथं येईपर्यंत काय करायचं ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी मारली. शिरगुप्पेचा हात त्यापुढं फुंकर होती. मी भिंतीवर जाऊन आपटले. डाव्या कानात काहीतरी फट्‌कन वाजलं आणि मग बारीक शिट्टी सुरू झाली. मी सावरायच्या आत दुसरी बसली, त्याच गालावर. अण्णांचे दात आवळलेले होते. इतक्या वर्षांचं सगळं त्या हातात साठून राहिलं होतं, ज्यांना ज्यांना मारायचं राहून गेलं होतं त्या सगळ्यांचं. त्यांनी तिसऱ्यांदा हात वर नेला.

तो खाली आला नाही. म्हाळूनं मनगट धरलं होतं.

“सर, बास,” तो मराठीत म्हणाला.

सरांनी हिसका दिला. तालमीतल्या पोराची पकड ती, सुटते कशी! त्यांनी दुसऱ्यांदा हिसका दिला, मग तिसऱ्यांदा. म्हाळू मागंही गेला नाही आणि पुढंही आला नाही. नुसतं धरून ठेवलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. रोज एवढा मार खाऊन जे कधी आलं नव्हतं ते तेव्हा आलं. अण्णांनी वर पाहिलं, म्हाळूच्या मुठीतल्या स्वतःच्या हाताकडं. कुणा दुसऱ्याचाच हात असल्यासारखं बराच वेळ पाहिलं. मग त्यांच्या अंगातला जोर गेला. म्हाळूनं हात सोडला, सावकाश, काचेचं भांडं ठेवावं तसा.

खिडकीतून शिपाई घंटा वाजवताना दिसला. अण्णा वर्गाबाहेर निघून गेले.

पुढचं फारसं लांबवण्यासारखं नाही. हेडमास्तरांनी चौकशी केली. अण्णांनी सांगितलं की, मी मुलीला मारलं, कोळेकरनं मला थांबवलं, त्याची काही चूक नाही. त्यामुळं म्हाळूचं नाव शाळेतून कमी झालं नाही. दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले आणि ज्यांना उत्तरं आली नाहीत त्यांना “सिट डाउन” म्हणाले. पोरं गोंधळली. बसायचं की गाल पुढं करायचा, त्यांना कळेना. म्हाळूला त्यांनी पहिल्या बाकावर बसवलं, उजवा कान टेबलाकडं येईल असा. त्या वर्षी इंग्रजीचा निकाल घसरला. अण्णा त्यावर काही बोलले नाहीत आणि गावातही पुढं त्यांना कुणी देवमाणूस म्हटलं नाही. म्हाळूचा कान हळूहळू सुकला. पुढं तो भरतीला उतरला, घड्याळ ऐकलं आणि फौजेत गेला. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा आमच्या घरी येऊन अण्णांच्या पाया पडला. मला ते आवडलं नाही, पण पाय त्यांचे आणि डोकं त्याचं, मी कोण बोलणार!

मला आई मिरजेला घेऊन गेली. तोच डॉक्टर, तीच बॅटरी. “कशानं झालं?” त्यानं विचारलं. जन्मात खोटं न बोललेली माझी आई म्हणाली, “बस्तीच्या पायरीवरून पडली.” डॉक्टरनं तिच्याकडं आणि माझ्या गालावर उठलेल्या बोटांकडं पाहिलं. मग लिहायला घेतलं. पडदा पुरता फाटला होता, नंतर आत पू झाला, आणि तो कान गेला तो गेलाच. आज माझ्या डाव्या बाजूला उभं राहून कुणी हाक मारली तर मी वळत नाही. लोकांना वाटतं बाई शिष्ट आहे. तेही काही अगदीच खोटं नाही.

पण त्या दिवशीच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. आईनं गालाला हळद लावून मला ओसरीवर बसवलं होतं. अण्णा उशिरा आले. दिवस कलला होता, आईनं ताट केलं, त्यांनी नको म्हणून खूण केली. आई दारात उभी राहून त्यांना म्हणाली, “व्रत आज मोडलं असं वाटतं का तुम्हाला? ते कधीचंच मोडलंय. पोरीचा हात उसना घेतलात त्याच दिवशी.” आणि आत निघून गेली.

अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. डाव्या बाजूला. अंगणात मुलं खेळत होती, त्यांचा कालवा मला एकाच बाजूनं येत होता. अण्णा बोलायला लागले. खालच्या आवाजात, जमिनीकडं बघत. खूप वेळ बोलले. मध्येच थांबले, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, पुन्हा बोलायला लागले. मला कळत होतं की ते माझ्याशी बोलताहेत. कानात नुसती शिट्टी होती.

मान वळवली असती तर दुसऱ्या कानानं ऐकू आलं असतं. मी नाही वळवली. मला राग होता, आणि तो मला सोडायचा नव्हता. ते बोलायचे थांबले, माझ्याकडं पाहिलं, मी काहीतरी म्हणेन म्हणून वाट पाहिली. मग उठून आत गेले.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी ते काय म्हणाले, मला अजून माहीत नाही.